तारीख कोण ठरवतो?

वर्तमानपत्रातले 'दिनविशेष' हे सदर बहुतेक वाचक आवडीने वाचतात. एका तारखेखाली चार शतकांतल्या, चार खंडांतल्या घटना एकापाठोपाठ लावलेल्या असतात. १ नोव्हेंबरची यादी पाहा. १७५५ साली या दिवशी पोर्तुगालमधले लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. १८५८ साली अलाहाबादेत लॉर्ड कॅनिंगने राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला. १९५४ साली पाँडिचेरीचा कारभार फ्रेंचांकडून भारताकडे आला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना अमलात आली, १९६६ साली हरियाणा जन्मले आणि २००० साली छत्तीसगड. बेळगावात तर ही तारीख यादीपुरती राहत नाही, ती रस्त्यावर येते. चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे घेऊन कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते. त्याच सकाळी धर्मवीर संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंत काळे कपडे घातलेल्या, काळ्या फिती लावलेल्या मराठी माणसांची 'काळ्या दिना'ची निषेध फेरी जाते. दिवस एक, शहर एक, आणि अर्थ एकमेकांच्या अगदी विरुद्ध.

अशी यादी वाचली की मन आपोआप धागे जोडू लागते. 'या तारखेतच काहीतरी आहे' असे वाटते. दुसऱ्या टोकाला 'हे सगळे निव्वळ योगायोग' असे म्हणून हात झटकणारेही असतात. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. दोन घटना एकाच तारखेला येण्याची कारणे वेगवेगळी असतात. काही वेळा आकड्यांचा खेळ असतो, काही वेळा ऋतूचा किंवा पंचांगाचा. बऱ्याच वेळा मात्र कोणीतरी ती तारीख ठरवलेली असते, आणि दुसऱ्या कोणीतरी त्या तारखेला उत्तर दिलेले असते. बेळगाव-निपाणीच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या इतिहासातल्या तारखा या कसोटीवर घासून पाहिल्या, तर आपण ज्याला योगायोग म्हणतो त्याचा मोठा भाग माणसांच्या निर्णयांचा निघतो.

तीनशे पासष्ट खण

आधी शुद्ध योगायोग किती स्वस्त असतो ते पाहू. पोस्टात पत्रे लावायचे खणांचे कपाट असते, तसे ३६५ खणांचे एक कपाट समजा. प्रत्येक ऐतिहासिक घटना हे एक पत्र, आणि ते तारखेनुसार आपापल्या खणात पडते. पत्रे ३६५ पेक्षा जास्त झाली की कुठल्या तरी खणात दोन पत्रे येणारच, हे सांगायला गणित लागत नाही. मानवजातीच्या इतिहासातल्या नोंदलेल्या घटना लाखांनी आहेत. म्हणून प्रत्येक खण गच्च भरलेला असणार आणि प्रत्येक दिवसाचा दिनविशेष लांबलचक होणार. त्यात नवल काही नाही. नवल वाटते ते पत्रे थोडी असतानाही जोड्या जुळतात तेव्हा. त्याचे उत्तर खालच्या चौकटीत आहे.

चौकट : तेवीस माणसे, दोनशे त्रेपन्न जोड्या
एका खोलीत २३ माणसे असली, तर त्यांतल्या कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. हे पटत नाही, कारण आपण माणसे मोजतो. मोजायला हव्यात जोड्या. पहिल्या माणसाची जोडी उरलेल्या २२ जणांशी लागते, दुसऱ्याची त्यापुढच्या २१ जणांशी, आणि अशी बेरीज करत गेले की २५३ जोड्या होतात. प्रत्येक जोडी जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये एक एवढी क्षुल्लक असली, तरी २५३ वेळा संधी मिळते. माणसे ४० झाली की जोड्या ७८० होतात आणि कुठेतरी जुळण्याची शक्यता जवळजवळ ८९ टक्क्यांवर जाते.

बेळगाव जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांतल्या ठळक घटना कोणी लिहून काढल्या, तर त्या चाळीसहून नक्कीच जास्त भरतील. तेव्हा त्यांत दोन घटना एका तारखेला आल्या नाहीत, तरच आश्चर्य मानावे लागेल. पण या हिशेबात एक गृहीत लपलेले आहे. वर्षाचे सगळे दिवस घटना घडायला सारखेच सोयीचे आहेत, असे आपण धरून चाललो आहोत. ते खरे नाही.

६ एप्रिल : निपाणी आणि दांडी

निपाणीच्या शेतकऱ्याला ६ एप्रिल ही तारीख माहीत आहे. तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ रोजी पुणे-बेंगळूर महामार्गावर शेतकऱ्यांचे आंदोलन सुरू झाले. हजारो माणसे रस्त्यावर बसली आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. आता दुसरी ६ एप्रिल. १९३० साली याच तारखेला महात्मा गांधींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलून कायदा मोडला. त्यांची पदयात्रा १२ मार्चला साबरमतीहून निघाली होती. दोन्हीकडे मार्चच्या मध्याला सुरुवात, दोन्हीकडे चौथ्या आठवड्यात निर्णायक दिवस, आणि दोन्हीकडे साध्या माणसाच्या रोजच्या मालाचा प्रश्न. इतके साम्य दिसले की निपाणीकरांनी मुद्दाम दांडीची तारीख धरली असावी, असे कोणालाही वाटेल.

पण ६ एप्रिल १९८१ हा दिवस आंदोलकांनी निवडलेला नव्हता. आंदोलन किती दिवस चालेल हे त्यांच्या हाती नव्हते आणि गोळीबाराचा दिवस तर नव्हताच. म्हणजे तारीख जुळली हा योगायोगच. दांडीची ६ एप्रिल मात्र योगायोगाने आली नाही. ६ एप्रिल १९१९ रोजी रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पाळला गेला होता. तेव्हापासून ६ ते १३ एप्रिल हा 'राष्ट्रीय सप्ताह' मानला जाई. गांधीजी ५ एप्रिललाच दांडीला पोचले होते. मीठ उचलण्यासाठी त्यांनी ६ तारखेची सकाळ धरली. एकाच खणातल्या तीन घटनांपैकी दोन अशा रीतीने हाताने एकमेकींशी बांधलेल्या आहेत आणि तिसरी तिथे आपोआप पडली आहे.

मार्च-एप्रिल हा काळ जुळण्यामागे मात्र थोडे कारण आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर पीक घरात आलेले असते, व्यापाऱ्याशी भाव ठरायचा असतो आणि पेरणीला अजून अवकाश असतो. शेतकरी घर सोडून आठवडेच्या आठवडे रस्त्यावर बसू शकतो तो याच दिवसांत; जून-जुलैत त्याला तेवढी उसंत नसते. सीमाभागातल्या दुसऱ्या एका दुःखद तारखेलाही असाच ऋतू आहे. १ जून १९८६ रोजी कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात नऊ जण हुतात्मा झाले आणि हिंडलग्याच्या स्मारकावर दरवर्षी त्या दिवशी अभिवादन होते. सक्तीचा प्रश्न शाळेशी जोडलेला होता आणि शाळेचे वर्ष उघडते जूनच्या सुमारास. कपाटातले काही खण इतरांपेक्षा रुंद असतात, ते असे.

शिवजयंती, बसवजयंती आणि चंद्राचा हिशेब

तारखा इंग्रजी कॅलेंडरच्या असतात. आपले निम्मे आयुष्य मात्र तिथीवर चालते. बेळगावात पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि तिच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला गावोगावचे लोक येतात. लगेच दुसऱ्या दिवशी, अक्षय्य तृतीयेला, बसवजयंती असते. मराठी मनाचा मोठा उत्सव आणि कन्नड मनाचा मोठा उत्सव दरवर्षी एकमेकांना चिकटून येतात. इंग्रजी तारीख मात्र दरवर्षी बदलते : बसवजयंती २०२४ साली १० मेला आली आणि २०२५ साली ३० एप्रिलला.

यामागची यंत्रणा सोपी आहे. आकाशात चंद्र सूर्यापेक्षा वेगाने सरकतो. तो सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. अशा तीस तिथी झाल्या की साधारण साडेएकोणतीस दिवसांचा चांद्रमास पुरा होतो. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाला सुमारे ११ दिवस कमी पडतात. म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस मागे येतात आणि साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास घालून ती तूट भरून काढली की पुन्हा पुढे जातात. शिवजयंती आणि बसवजयंती दोन्ही याच हिशेबाला बांधलेल्या असल्याने त्या एकत्रच मागे-पुढे होतात, त्यांची ताटातूट होत नाही. मराठी आणि कन्नड घरांत पंचांगही एकाच रीतीचे : शालिवाहन शक आणि अमावास्येला संपणारा महिना. म्हणूनच गुढीपाडवा आणि युगादी एका दिवशी येतात. सीमेच्या भांडणात दोन भाषांमधल्या फरकाची इतकी चर्चा होते, की दोन्ही घरांचे वर्ष एकाच सकाळी सुरू होते ही गोष्ट नजरेआड होते. मला ती फार मोलाची वाटते.

शिवजन्माच्या तारखेचा प्रश्न तर आणखी बोधक आहे. वैशाख शुद्ध द्वितीया ही जुनी मान्यता. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. तिचे इंग्रजी रूपांतर १९ फेब्रुवारी १६३० असे होते आणि महाराष्ट्र शासन तीच तारीख मानते. पण ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्यूलियन कॅलेंडरची आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० येतो, कारण सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचे अंतर होते. जन्म एकच, आणि तो तीन वेगळ्या दिवशी साजरा करता येईल. 'एकाच दिवशी घडले' असे म्हणताना कोणत्या पंचांगाने, हे विचारावेच लागते.

तिथी आणि तारीख यांची गाठ अधूनमधून पडतेच. २०२४ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आले आणि बेळगावात काळा दिन दिवाळीत पाळला गेला. तसेच २००५ सालीही दिवाळी १ नोव्हेंबरलाच होती. मधे १९ वर्षे आहेत, आणि तो आकडा अचानक आलेला नाही. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांचे दिवस जवळजवळ सारखे भरतात, त्यामुळे एवढ्या काळानंतर तिथी आणि तारीख बहुधा पुन्हा जुन्या जोडीला येतात.

नियत दिवस

आता माणसांनी ठरवलेल्या तारखा. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ या कायद्याच्या सुरुवातीलाच 'नियत दिवस' म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ अशी व्याख्या आहे. कायदा संमत झाला तो दिवस वेगळा, ऑगस्टअखेरचा. नियत दिवस म्हणजे ज्या क्षणापासून जुन्या सरकारचा अधिकार संपतो आणि नव्याचा सुरू होतो तो दिवस. त्या दिवशी हजारो कर्मचारी एका राज्याच्या नोकरीतून दुसऱ्याच्या नोकरीत जातात, तिजोऱ्या बदलतात, पोलीस आणि न्यायालये बदलतात. पगार, निवृत्तिवेतन आणि जमाखर्च हे सगळे महिन्याच्या मापाने चालते. महिन्याच्या मधल्या तारखेला राज्य बदलले तर प्रत्येक पगाराचे दोन तुकडे करावे लागतील. म्हणून पहिली तारीख कारभाराला सोयीची. आंध्र राज्य १ ऑक्टोबर १९५३ ला झाले, महाराष्ट्र आणि गुजरात १ मे १९६० ला, नागालँड १ डिसेंबर १९६३ ला.

यावर कोणी म्हणेल की ही सोयीची गोष्ट सगळीकडे लागू पडत नाही. गोवा ३० मे १९८७ ला घटक राज्य झाले, तेलंगणा २ जून २०१४ ला. छत्तीसगडबरोबरच घडवलेली उत्तराखंड आणि झारखंड ही राज्ये ९ आणि १५ नोव्हेंबर २००० ला आली. आक्षेप बरोबर आहे. पहिली तारीख हा नियम नाही, कल आहे. आणि तो मोडायला तसेच जोरदार कारण असू शकते. झारखंडची १५ नोव्हेंबर ही बिरसा मुंडांची जन्मतारीख आहे. तिथे सोयीपेक्षा स्मरण वरचढ ठरले. प्रजासत्ताक दिनाचेही तसेच. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली, पण ती पूर्णपणे अमलात आणण्यासाठी २६ जानेवारी १९५० पर्यंत थांबले गेले, कारण १९३० साली त्या तारखेला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली होती.

एकदा तारखेला वजन आले की ती पुढच्या घटनांना ओढून घेते. म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले १ नोव्हेंबर १९७३ ला. बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले १ नोव्हेंबर २०१४ पासून. या तारखा १९५६ च्या तारखेवर मुद्दाम ठेवलेल्या आहेत. त्याच यादीतला लिस्बनचा भूकंप मात्र तिथे कोणी ठेवला नव्हता. तरी त्यातही कॅलेंडरचा हात आहे, तो वेगळ्या अर्थाने. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. सकाळी जमीन हादरली तेव्हा चर्चे माणसांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या जळत होत्या. पडझडीबरोबर आगी लागल्या. जमिनीला तारीख कळत नाही, पण किती माणसे कुठे जमलेली असतील हे तारीखच ठरवते.

एका कायद्याच्या दोन कडा

आता बेळगावच्या रस्त्यावरच्या कोड्याकडे येता येते. राज्योत्सव आणि काळा दिन हा दोन घटनांचा योगायोग नाही. ती एकाच घटनेची दोन माणसांनी केलेली नोंद आहे. १९५६ च्या पुनर्रचना कायद्याने तेव्हाच्या मुंबई राज्यातले धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून उरलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात घातला. चंदगड कोल्हापूरला जोडले गेले. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेल्या चंदगड आणि निपाणी-खानापूरच्या मराठी माणसांची वाट कायद्याच्या एका ओळीत वेगळी झाली. ज्या कन्नड माणसांची गावे पाच-सहा राज्यकारभारांत विखुरली होती, त्यांच्यासाठी तो एकत्र येण्याचा दिवस होता आणि त्यांचा आनंद खरा आहे. ज्यांना आपल्या भाषेच्या राज्याबाहेर राहावे लागले त्यांचे दुःखही तितकेच खरे.

यात एक बाजू महाराष्ट्रात फारशी आठवली जात नाही. त्याच कायद्याने त्याच दिवशी विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले. मराठी प्रदेशाचा मोठा भाग प्रथम एका छपराखाली आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. पण ते राज्य द्वैभाषिक होते, कोणालाच नको होते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने ते मोडून १ मे १९६० मिळवली. त्यामुळे महाराष्ट्राच्या मनात १ मे राहिली आणि १ नोव्हेंबर पुसली गेली. सीमाभागाच्या वाट्याला १ मे आलीच नाही. त्यांच्याकडे उरली ती १ नोव्हेंबर. बेळगावच्या काळ्या दिनाचे महाराष्ट्रातल्या अनेकांना कोडे वाटते, त्याचे मूळ इथे आहे.

काही जण विचारतात की निषेधच करायचा तर दुसरा दिवस धरावा, दुसऱ्याच्या उत्सवाच्या दिवशी कशाला? प्रश्न सद्भावनेचा असू शकतो. पण दुसरा दिवस धरायचा तर तो कोणता? ज्या गोष्टीविषयी तक्रार आहे ती घडली तोच दिवस तक्रारीचा होतो. तारीख निषेध करणाऱ्यांनी निवडली नाही, कायद्याने दिली. आणि उत्सवाशी न भिडणारा वेगळा दिवस सीमाभागाकडे आहेच. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी, १७ जानेवारीला, बेळगावात गोळीबार झाला आणि निपाणीत कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. इतक्या दूरच्या दोन गावांत एकाच दिवशी माणसे रस्त्यावर आली, ती रेडिओमुळे : बातमी सगळीकडे एकाच क्षणी पोचली. दरवर्षी १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात अभिवादन होते, त्या दिवशी कोणाचा उत्सव नसतो. दोन दिवसांची कामे वेगळी आहेत. एक गेलेल्या माणसांचा, दुसरा न सुटलेल्या प्रश्नाचा.

तो प्रश्न अजून उघडा आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच राहावे, असे सुचवले. महाराष्ट्राने ते मानले नाही आणि अहवाल अमलात आला नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला आहे, आणि तसा कायदा कधी झालाच तर त्याच्या पहिल्या पानावर पुन्हा 'नियत दिवस' लिहावा लागेल. ती तारीख दिल्लीतले कोणी कारकून पगाराच्या सोयीने सुचवतील, की सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारून ती ठरेल, हे तेव्हाच्या लोकप्रतिनिधींनी बघायचे आहे. १९५६ साली तसे विचारले गेले नव्हते.